लाल मुठीचा ब्रश

३ मे

प्रिय ताई,

तुला वाकून नमस्कार. गुडघे आता पूर्वीसारखे वाकत नाहीत, तेव्हा नमस्कार अर्धाच धर.

तुझं पत्र आणि लोकरीचे मोजे मागच्या बोटीने मिळाले. एक मोजा दुसऱ्यापेक्षा बोटभर लांब आहे. विणताना तू टीव्ही बघत होतीस, नाही म्हणू नकोस. लांब मोजा मी डाव्या पायात घालतो, कारण डावा बूट गळतो आणि तिथे जरा जास्त लोकर असलेली बरी. तुझ्या हातून चूकसुद्धा कामाची होते, आणि इथे माझ्या हातून... असो.

इकडे सगळं ठीक आहे. तब्येत ठीक, छप्पर ठीक, स्टोव्ह भडकतो पण मनात आलं तर पेटतो.

तू लिहिलंयस, "तिथे नक्की करतोस काय ते एकदा नीट लिही. लोक विचारतात आणि मला 'काहीतरी गोगलगाईंचं' एवढंच सांगता येतं." नऊ वर्षांनी का होईना, विचारलंस. मग ऐक.

या बेटावर एक धक्का आहे, दोन घरं आहेत आणि वारा आहे. एक घर माझं, दुसरं हवामान केंद्राचं. तिथे एक बाई राहतात, दिवसातून चार वेळा वारा आणि समुद्र बघून वहीत लिहितात आणि रेडिओवरून कळवतात. माझ्या घरामागून वर चढत गेलं की वीस मिनिटांवर खडकातून एक झरा निघतो. त्याचा ओहोळ दोनशे पावलं वाहतो आणि कड्यावरून खालच्या ओढ्यात पडतो. त्या दोनशे पावलांत एक गोगलगाय राहते. मोहरीच्या दाण्याएवढी. पुस्तकातलं तिचं नाव तिच्यापेक्षा लांब आहे, म्हणून आम्ही तिला मोहरीच म्हणतो. ती जगात दुसरीकडे कुठेही नाही. शेजारच्या बेटावर नाही, खालच्या ओढ्यातही नाही. दोनशे पावलं, एवढंच तिचं माहेर आणि एवढंच सासर.

दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी मी तिची मोजणी करतो. ओहोळातल्या वीस दगडांवर आकडे रंगवलेले आहेत. एकेक दगड उचलायचा, त्याची खालची बाजू मऊ ब्रशने पांढऱ्या ताटलीत हलकेच झाडायची, भिंग लावून मोजायच्या आणि होत्या तशा पाण्यात सोडायच्या. झालं. नऊ वर्षांत एकही मोजणी चुकलेली नाही. आज मोजणी आणि बोट एकाच दिवशी आल्या, म्हणून उजाडताच उरकून आलो. आकडा बरा आहे.

मी जेवताना ताटापाशी तास तास बसायचो तेव्हा आई म्हणायची, "ऊठ रे गोगलगाई, भांडी घासायचीत." तू तर शाळेतही सगळ्यांना तेच नाव सांगून ठेवलं होतंस. बघ, नावाला जागलो.

एकटं वाटतं का, असंही तू विचारलंयस. वाटतं. कधी कधी तारीख माहीत असूनही मी बाईंकडे तारीख विचारायला जातो. त्याही सांगतात, आणि वर चहा देतात.

आईच्या खोलीचं काय करायचं ते तू ठरव. पलंग, कपाट, सगळं तुझंच आहे. उत्तरेकडची ती खोली बारा महिने इतकी गार असते की भाऊजींना तिथे अभ्यासिका करायची असेल तर त्यांनाही मोजे विणून दे.

आईच्या शेवटच्या दिवसांबद्दल तू दोन पानं लिहिली आहेस. ती वाचली. त्याबद्दल आत्ता लिहीत नाही, बोट दिसायला लागली आहे.

तुझा,
गोगलगाय

२४ मे

प्रिय ताई,

नमस्कार. पूर्ण. आज गुडघे बरे आहेत.

तुझं पत्र वाचून मला हसूही येईना आणि जेवणही जाईना. मावशीशी अबोला धरायचं काय नडलं होतं तुला? नात्यातल्या साखरपुड्यात चार माणसांदेखत ती म्हणाली, "आई मरायला टेकली तरी मुलगा फिरकला नाही." म्हणाली तर म्हणू दे ना. तू उठून तिला सुनावलंस, "समुद्रापुढे कोणाचं चालतं का? बोटच आली नाही तर काय पोहत येणार होता?" आणि पुढे हेही सांगितलंस की आईनेच शेवटच्या शुद्धीत निरोप दिला होता, त्याला म्हणावं अशा समुद्रात निघू नकोस.

ताई, हे सगळ्यांसमोर सांगायला नको होतं.

मावशीला फोन कर. मी सांगतोय म्हणून कर. ती म्हणाली त्यात

(वरचं वाक्य खोडलं आहे. उजेडात धरून वाचायचा प्रयत्न करू नकोस. मी तुला ओळखतो.)

आता इकडचं. मागच्या पत्रात मी सगळं ठीक लिहिलं, ते पुरतं खरं नव्हतं. खालच्या ओढ्यात परक्या गोगलगाई आहेत. मी इथे यायच्या आधी कोणीतरी शोभेच्या माशांचं भांडं तिथे रिकामं केलं असावं, त्यातल्या पानांबरोबर आल्या. तांदळाच्या दाण्याएवढ्या, म्हणजे मोहरीच्या शेजारी बैल. मी त्यांना थोराड म्हणतो. थोराडला नर लागत नाही. एकटी मादी पुरते. अंडीही घालत नाही, थेट पिल्लं, तीही डझनावारी. (हे भाऊजींना वाचून दाखवू नकोस, उगाच मनाला लावून घेतील.) ती दगडावरचं शेवाळ असं खरवडून खाते की मोहरीला चाटायलाही काही उरत नाही. कड्यामुळे तिला वर चढता येत नव्हतं, म्हणून मोहरी वाचली.

म्हणूनच माझ्याकडे दोन ब्रश आहेत. निळ्या मुठीचा वरच्या झऱ्यासाठी, लाल मुठीचा खालच्या ओढ्यासाठी. लाल मुठीचा ब्रश कधीही वर न्यायचा नाही. बूटसुद्धा खालच्या ओढ्यात घातलेले असतील तर उकळत्या पाण्यात बुडवून, तीन दिवस उन्हात वाळवून मगच वर जायचं. इथे पहिल्याच दिवशी ऑफिसच्या माणसाने मला हे तीनदा वदवून घेतलं. नोकरीचा नियम तेवढा एकच, बाकी सगळ्या सूचना.

आता थोराड वरच्या झऱ्यात आहे.

सात महिन्यांपूर्वी पहिली दिसली. तेव्हापासून मी रोज सकाळी वर जातो, ओहोळात उकिडवा बसतो आणि चिमट्याने वेचतो. डोळ्यांत तेल घालून वेचतो. आज सत्तर वेचल्या की उद्या नव्वद सापडतात. मोहरी मात्र शोधावी लागते. माझ्या पहिल्या वर्षी वीस दगडांखाली दोन हजारांच्या वर होत्या. तीन मेला, ज्या दिवशी मी तुला "आकडा बरा आहे" लिहिलं, त्या दिवशी एकशे बारा भरल्या.

ऑफिसला अजून कळवलेलं नाही. कळवलं तर पहिला प्रश्न येईल, वर आली कशी? कड्यावरून चढून तर आली नाही.

तू विचारतेस, "दोन वर्षं होत आली, एकदाही घरी का आला नाहीस? आता तर बोटी वेळेवर येतात." त्या गोगलगाईंपायी, असं मी दर वेळी लिहीत आलो. ते खरंही आहे. पण पुरतं ते पण नाही.

वर ती आली कशी, ते पुढच्या पत्रात लिहीन. लिहिलं नाही तर समज की मला जमलं नाही.

मावशीला फोन कर.

तुझा,
गोगलगाय

१४ जून

ताई,

नमस्कार आज शेवटी घालतो. हे वाचून तुला घ्यावासा वाटला तर घे.

मागच्या बोटीने तुझं पत्र आलं, त्यात माझ्या गोगलगाईंबद्दल एक ओळ आणि मावशीबद्दल तीन पानं. फोन केला नाहीस ना? "माझ्या भावाला कोणी बोललेलं मी ऐकून घेणार नाही." हे वाक्य मी घडी घालून खिशात ठेवलं होतं. मग काढून टेबलावर ठेवलं. खिशात ठेवायचा मला हक्क नाही.

गेल्या सोमवारी हवामानवाल्या बाई त्यांची वही घेऊन माझ्याकडे आल्या. त्यांची बदली झाली आहे, आणि जायच्या आधी दोन वर्षांच्या सगळ्या नोंदी त्यांना स्वच्छ उतरवून द्यायच्या आहेत. एरवी त्या दारातून बोलतात. त्या दिवशी आत येऊन खुर्चीवर बसल्या.

"तुमच्या त्या गुरुवारची ओळ आली आज उतरवायला," म्हणाल्या.

मी स्टोव्ह पेटवायला वळलो.

त्यांनी वही उघडून बोटाने दाखवली. वारा नाही. समुद्र शांत. दूरचं स्पष्ट दिसतं. बोट वेळेवर आली, तासभर उशिरा सुटली.

"आणि त्याच रात्री तुमचा निरोप मी माझ्या हाताने पाठवला," त्या म्हणाल्या. "समुद्र खवळला आहे, बोट आली नाही, पुढच्या बोटीने येतो. तीस वर्षं समुद्र बघून खरं तेच कळवलं मी. खोटी बातमी आयुष्यात एकच पाठवली."

"तेव्हाच का बोलला नाहीत?"

"तुमची अवस्था बघवत नव्हती. वाटलं, दोन दिवसांनी तुम्हीच येऊन खरं काय ते पाठवा म्हणाल. मी वाट बघितली. मग वाट बघायचीही सवय झाली." उठताना त्या एवढंच म्हणाल्या, "वहीतली ओळ मी आहे तशीच उतरवणार आहे हं."

ताई, बोट आली होती.

सगळं क्रमाने सांगतो. आईचं जास्त आहे, लगेच नीघ, हा तुझा निरोप मंगळवारी आला. बोट गुरुवारी दुपारी होती. बुधवारी मी खालच्या ओढ्याचं काम उरकलं, बॅग भरली, आईसाठी इथला एक गुळगुळीत पांढरा दगड घेतला. तिला हातात धरायला काहीतरी लागायचं, आठवतं ना? गुरुवारी सकाळी थेट धक्क्यावर जाऊन बसायला काय हरकत होती? पण तो महिन्याचा पहिला गुरुवार होता. सात वर्षांत मोजणी चुकली नव्हती. म्हटलं, चार तास आहेत, मोजणी दोन तासांची. हात कामाला लागले की डोकं थांबेल. घाईत दुसरे बूट चढवले, खुंटीवरचा ब्रश उचलला आणि चढलो.

चार दगड झाडून झाले. पाचवा उचलला आणि हाताकडे लक्ष गेलं. मूठ लाल होती.

ब्रश आदल्या दिवशीच्या ओढ्याच्या पाण्याने अजून ओला होता. मी तिथेच पाण्यात बसलो. ताटलीतलं पाणी भिंगाखाली घेतलं. एक थोराड सापडली. मग ब्रशच्या केसांत दुसरी. दोन सापडल्या म्हणजे तिसरी असू शकते, आणि एक पुरते. पहिल्या चार दगडांचं पाणी तर मी केव्हाच ओहोळात परत सोडलं होतं. मी त्या दगडांखालची वाळू मुठीमुठीने ताटलीत घेऊन कणकण बघायला लागलो.

खालून बोटीचा भोंगा ऐकू आला. धक्का वीस मिनिटांवर होता. मी वाळू बघत राहिलो. अर्ध्या तासाने भोंगा परत वाजला. कप्तान मला ओळखतो, माझ्यासाठी थांबला होता. मी उठलो नाही. मग बोट उजवीकडे वळून निघालेली मला वरून दिसली. पाणी इतकं शांत होतं की तिच्या मागची रेघ कितीतरी वेळ पुसली गेली नाही.

आत्तापर्यंत मी स्वतःला सांगत आलो की मोहरीसाठी थांबलो. जगात दुसरीकडे नाही, माझ्या हातून संपली असती, थांबणं भाग होतं. हे सगळं खरं आहे आणि तरीही ते कारण नाही. भीती होती, ताई. आईला तशी बघायची भीती. तू लिहिलं होतंस की ती आता ओळखत नाही, मधेच ओळखते. मला वाटलं, मी तिच्यासमोर उभा राहीन आणि ती माझ्याकडे बघून "हे कोण?" म्हणेल. मंगळवारपासून माझ्या मनात तेच होतं. बॅग भरतानाही तेच होतं. हातात लाल मूठ दिसली तेव्हा पहिल्यांदा मी हादरलो, आणि त्याच्या मागोमाग, अगदी मागोमाग, मला हायसं वाटलं. थांबायला कारण मिळालं म्हणून. ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. त्या बाईंनाही नाही.

मग तो निरोप पाठवला. तो तू आईला सांगितलास. तिने शुद्धीत असताना मला निरोप दिला की अशा समुद्रात निघू नकोस. पाचव्या दिवशी ती गेली. माझ्या खोट्या समुद्राची काळजी करत गेली. तू ते मला दर पत्रात प्रेमाने लिहितेस आणि मी दर वेळी ते वाचतो.

तिसरी होती, ताई. त्या दिवशी अंधार पडेपर्यंत शोधूनही मला सापडली नाही, पण होती. म्हणजे आईही गेली आणि मोहरीही चालली.

ऑफिसला मी काल सगळं रेडिओवरून कळवलं, लाल मुठीसकट. सात महिन्यांपूर्वी कळवलं असतं तर पाच माणसं आली असती, झरा वाचला असता. माझी अब्रू वाचवायला मी एकटा चिमटा घेऊन बसलो. बाईंनी निरोप पाठवताना एकही शब्द बदलला नाही.

मावशीला फोन कर. तिचंच बरोबर होतं.

नमस्कार.

तुझा भाऊ

५ जुलै, बोटीत

ताई,

हो, बोटीत. कप्तानाने मला धक्क्यावर बघितलं आणि म्हणाला, "आज भोंगा न वाजवता आलात!" मग माझ्या तोंडाकडे बघून त्याने माझी बॅग स्वतःच उचलून आत ठेवली.

माझ्याशी बोलायचं नाही असं तू ठरवलं आहेस, म्हणून जे तोंडी सांगितलं असतं ते लिहून ठेवतो.

ऑफिसचं उत्तर चार दिवसांत आलं होतं. मला वाटलं होतं झाडतील, पण साहेबांनी फक्त दोन प्रश्न विचारले. जिवंत किती उरल्या, आणि थोराड न मिसळता किती बाहेर काढता येतील? मी तीन दिवस ओहोळात बसून एकेक मोहरी वेचली, प्रत्येकीला भिंगाखाली उलटीसुलटी करून बघितलं, आणि झऱ्याच्या अगदी तोंडातून धरलेल्या पाण्यात टाकली. शहाऐंशी भरल्या. झऱ्यात आता पाच माणसं येऊन काय करायचं ते करतील, पण तिथे मोहरी परत सोडता येईल तो दिवस दूर आहे. माझी नोकरी महिनाअखेरपर्यंत आहे. त्यावर माझं काही म्हणणं नाही.

सगळ्या एका जागी ठेवायच्या नाहीत, असं साहेब म्हणाले. पंप बंद पडला, वीज गेली, तर एका दुपारी सगळं संपेल. निम्म्या संग्रहालयाच्या तळघरात. उरलेल्या निम्म्या कुठे, तर दुसरी गार जागा त्यांच्याकडे पुढच्या वर्षाशिवाय तयार होत नाही. "तुमच्या ओळखीत बारा महिने गार राहणारी एखादी खोली आहे का?" असं त्यांनी विचारलं.

ताई, त्या क्षणी मला जगात एकच खोली आठवली.

मी तुला निरोप पाठवला, त्रेचाळीस घेऊन येतोय, आईची खोली मिळेल का? पाठवल्यावर वाटलं, कुठल्या तोंडाने मागितली? चौदा जूनचं पत्र तोवर तुझ्या हातात पडलं असणार. एक दिवस गेला, दोन गेले. बाई सकाळ-संध्याकाळ रेडिओपाशी बसायच्या आणि मला खिडकीतून नुसती मान हलवून दाखवायच्या. नऊ दिवस. बेटावर नऊ वर्षं काढली, पण एकटा म्हणजे काय ते मला त्या नऊ दिवसांत कळलं. त्याआधी मी नुसता लांब होतो. रागावणारं माणूस घरी आहे, हे ठाऊक असतं तोवर माणूस एकटा नसतो, आणि तू तर रागावतसुद्धा नव्हतीस.

दहाव्या दिवशी बाई धावत आल्या. पन्नाशीच्या बाईला त्या चढावर धावताना मी पहिल्यांदा बघितलं. हातात कागद. त्यांनी तो वाचून दाखवला नाही, माझ्या हातात दिला.

"तुझ्याशी बोलणार नाही. पाणी किती गार लागतं ते कळव."

मी तो कागद वाचला आणि पायरीवर बसून लहान पोरासारखा रडलो. बाई शेजारी उभ्या राहिल्या आणि समुद्राकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "उत्तर पाठवायचंय ना? आकडा बरोबर सांगा."

आकडा तुला मिळालाच आहे. बारा ते चौदा अंश. बाकीचं इथे लिहितो. खिडकी बंदच ठेव आणि पडदा ओढून घे, थेट ऊन नको. पसरट भांडं, छोटा पंप आणि पाण्याचं तापमान मोजायची नळी मी आणतो आहे. दगड त्यांचेच आहेत, शेवाळासकट. नळाचं पाणी एक थेंबही नको. पहिले काही दिवस तुला वाटेल भांड्यात काहीच नाही. दगडाच्या कडेने बघ, आणि हलू नकोस. मग एक ठिपका सरकताना दिसेल. आईचा पलंग हलवला नसशील तर हलवू नकोस. भांडं मी खिडकीखाली जमिनीवर ठेवीन, आणि मी तिथेच खाली झोपेन. पलंगावर नाही.

तुला हवं असेल तोवर बोलू नकोस. मी खोलीत असेन, पाणी बदलत असेन. जेवायला हाक मारायची नसेल तर दारावर थाप मार. पण कधीतरी बोलशील तेव्हा आईबद्दल तू जे लिहिलं होतंस ते सगळं मला एकदा तोंडी सांग, निरोपासकट. या वेळी ऐकेन.

मावशीकडे मी स्वतः जाणार आहे.

निम्म्या मोहऱ्यांचा एक थर्मास बंदरावर संग्रहालयाचा माणूस घेऊन जाईल. दुसरा माझ्या मांडीवर आहे. दर अर्ध्या तासाने झाकण काढून हवा देतो, आणि शेजारचा प्रवासी माझ्यापासून हातभर लांब सरकून बसला आहे. समुद्र शांत आहे. खरोखर.

तुझ्या दारात पोचेन तेव्हा दोन्ही हातांत थर्मास असेल. धक्का लागू द्यायचा नाही, म्हणून घंटी कोपराने वाजवीन. नमस्कारालाही वाकता येणार नाही. पँटच्या खिशात आईसाठी घेतलेला तो पांढरा दगड आहे. दोन वर्षं टेबलावर होता, कुठे ठेवायचा ते तू सांग. सांगायचं नसलं तर बोट दाखव.

हे पत्र माझ्या शर्टाच्या वरच्या खिशात आहे. तूच काढून घे.

या वेळी बोटीत चढलेला,
तुझा भाऊ